हात लावण्याआधी

आमच्या लिनक्स प्रशासनाच्या वर्गात कोरी पाटी घेऊन येणारे थोडेच. बहुतेकांनी वर्ष-दोन वर्षं नोकरी केलेली असते. कुणी इंदूरच्या विजयनगरमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला असतो, कुणी पीथमपूरच्या कारखान्यात आयटी सांभाळतो, कुणी रात्रपाळीत बसून अमेरिकेतल्या ग्राहकांची टिकटं उचलते. बऱ्हाणपूर, खंडवा, देवास, धार अशा गावांहून ही मुलं इंदूरला आलेली असतात आणि इथेच राहिलेली असतात. लिनक्सच्या रोजच्या आज्ञा त्यांच्या बोटांत बसलेल्या असतात. युजर तयार करणं, पॅकेज टाकणं, सर्व्हिस रिस्टार्ट करणं, यातलं काहीच त्यांना नवं नसतं. तरीही ती पुन्हा शिकायला येतात. का, असं विचारलं की थोड्याफार फरकाने एकच उत्तर मिळतं: "मॅडम, सगळं नीट चालू असतं तोवर मला सगळं येतं."

मीही इंदूरमध्येच बरीच वर्षं सर्व्हर सांभाळले आणि मग शिकवायला लागले. वर्गात हिंदी चालते, मराठी घरची मुलं असली की मराठी, आणि पडद्यावर इंग्रजी. लिनक्सच्या पहिल्या पायरीचं, म्हणजे रोजच्या आज्ञांचं, शिक्षण आता बऱ्याच ठिकाणी बरं मिळतं. इंटरनेटवर फुकट व्हिडिओ आहेत, घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालतं. दुसऱ्या पायरीला मात्र संस्था विषय वाढवत जातात: डॉकर, अ‍ॅन्सिबल, क्लाऊड. हे विषय लागतातच, आम्हीही शिकवतो. पण पहाटे तीनला फोन येतो तेव्हा आधाराला येते ती वेगळी सवय. समोर जे दिसतंय ते नीट पाहायचं, त्यावरून अंदाज बांधायचा, तो अंदाज चूक ठरतो का ते तपासायचं आणि मगच यंत्रात बदल करायचा. हा क्रम उपजत असावा लागत नाही, तो शिकवता येतो. इतक्या वर्षांत माझ्या मनात पक्कं झालेलं आहे ते एवढंच.

शिकवण्याची आमची रीत साधी आहे. आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकाच्या मशीनमध्ये एक बिघाड पेरून ठेवते. सकाळी मुलं येतात तेव्हा त्यांना फक्त तक्रार मिळते, तीही ग्राहक करतो तशीच अर्धवट: "साइट चालत नाहीये."

सुरुवात बहुधा भरलेल्या डिस्कने होते. 'डीएफ' सांगतं, डिस्क शंभर टक्के भरली. मुलं लगेच लॉगच्या डिरेक्टरीत शिरतात, सगळ्यात मोठी फाइल शोधतात आणि उडवतात. पुन्हा 'डीएफ'. अजूनही शंभर टक्केच. मग कुणीतरी 'डीयू' लावून सगळ्या फायलींची बेरीज करतं, तर ती निम्मी डिस्कही भरत नाही. दोन्ही आकडे त्याच यंत्राने दिलेले आणि दोन्ही खरे. इथे वर्ग शांत होतो, आणि मी मुद्दाम काही बोलत नाही.

लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइलचा मजकूर वेगळा. नाव म्हणजे डिरेक्टरीतली एक नोंद. मजकूर आयनोड नावाच्या अंतर्गत नोंदीला बांधलेला असतो. आपण फाइल उडवली की नोंद पुसली जाते, पण एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरलेली असेल तर कर्नल तिची जागा सोडत नाही. 'डीयू' डिरेक्टरीतल्या नोंदी मोजत जातं, म्हणून त्याला ती जागा दिसत नाही. 'डीएफ' फाइल सिस्टिमलाच विचारतं, म्हणून त्याला दिसते. 'एलएसओएफ' चालवलं की उडवलेली, तरी उघडी असलेली फाइल धरणारा प्रोग्रॅम नावानिशी समोर येतो. त्या प्रोग्रॅमला लॉग नव्याने उघडायला लावलं की जागा सुटते. रिस्टार्ट मारला तरी सुटते, आणि कितीतरी ऑफिसांत वर्षानुवर्षं तेच चाललेलं असतं. रिस्टार्ट मारला, चाललं, टिकट बंद. कारण कुणी पाहिलेलं नसतं, लॉगरोटेटची चुकलेली मांडणी तशीच राहते आणि पुढच्या महिन्यात तीच डिस्क पुन्हा भरते.

एकदा बऱ्हाणपूरची एक मुलगी या बिघाडापुढे बसली होती. आजूबाजूचे पटापट आज्ञा टाइप करत होते. ती वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून त्यांच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हे दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असणार." 'एलएसओएफ'चं नाव तिला तेव्हा माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. पण जे शिकवायला आठवडे लागतात ते तिने स्वतःहून केलं होतं: दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा त्यांतली एक खोटी ठरवायची घाई तिने केली नाही.

दुसऱ्या दिवशी उलटा बिघाड असतो. डिस्कवर निम्मी जागा मोकळी, तरी नवी फाइल तयार होत नाही आणि यंत्र म्हणतं जागा नाही. ईएक्सटी-४ मध्ये आयनोडची संख्या फाइल सिस्टिम तयार करतानाच ठरते. एखादं वेब अ‍ॅप्लिकेशन लाखो बारीक सेशन फायली टाकत गेलं की जागा शिल्लक असतानाही आयनोड संपतात. नंतर येतं उंच लोडचं कोडं. लोड अ‍ॅव्हरेज चढलेलं, आणि सीपीयू जवळजवळ रिकामा. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेसबरोबरच डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या उत्तरासाठी अडकलेल्या प्रोसेसही धरल्या जातात. हे ठाऊक नसलेला माणूस मालकाला सांगतो, "सर्व्हर कमी पडतोय, मोठा घेऊया." मालक पैसे भरतो. मोठा सर्व्हर येतो, आणि तोही त्याच मंद स्टोरेजसमोर तिष्ठत उभा राहतो. छोट्या कंपनीला अशा एका चुकीच्या निदानाची किंमत दरमहा मोजावी लागते, म्हणून मला हे कोडं फार महत्त्वाचं वाटतं.

परवानग्यांचा धडा मी जास्त कडकपणे घेते. वेब सर्व्हर एक फाइल वाचू शकत नाही. सवयीचं उत्तर 'सीएचमॉड ७७७'. तरी चालत नाही. मग दुसरं सवयीचं उत्तर: 'एसईलिनक्स बंद करून टाका.' यानंतर साइट चालते, आणि त्या यंत्रावरचं एक संपूर्ण संरक्षण एका फाइलपायी कायमचं निघून जातं. एसईलिनक्सची सुरुवात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएमध्ये झाली, आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं. त्याची कल्पना अशी की प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक प्रोसेसला एक लेबल असतं आणि कुठल्या लेबलने कुठल्या लेबलला हात लावायचा हे धोरण ठरवतं. मी पेरलेला बिघाड असतो इतकाच: फाइल घरच्या डिरेक्टरीतून 'एमव्ही'ने वेबच्या डिरेक्टरीत हलवलेली. 'एमव्ही' जुनं लेबल बरोबर नेतं, 'सीपी' केलं असतं तर नव्या जागेचं लेबल मिळालं असतं. ऑडिट लॉगमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि 'रिस्टोअरकॉन'च्या एका ओळीत ते सुटतं. "सर, लॉगमध्ये तर सरळ लिहिलंय," असं एखादा मुलगा शेजारच्या सहायक शिक्षकाला सांगतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद असतो. यंत्र लपवाछपवी करत नव्हतं, हे त्याला पहिल्यांदा जाणवलेलं असतं. मला वाटतं, प्रशासकाचा आत्मविश्वास याच जाणिवेतून सुरू होतो.

रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेतली एक अट मला फार आवडते. परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, खऱ्या यंत्रावर काम करायचं असतं, आणि केलेलं प्रत्येक काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे. टिकलं नाही तर गुण नाहीत. सर्व्हिस सुरू केली पण 'एनेबल' केली नाही, फायरवॉलचा नियम टाकला पण 'परमनंट' केला नाही, डिस्क जोडली पण 'एफस्टॅब'मध्ये लिहिली नाही, की रीबूट झाल्यावर सगळं पुसलं जातं. आमच्या प्रत्येक सत्राच्या शेवटी मी सगळ्यांची मशीन रीबूट करायला लावते. 'एफस्टॅब'मध्ये एक अक्षर चुकलं तर यंत्र आपत्कालीन मोडमध्ये अडकतं, हे वर्गात बसून पाहिलेलं बरं. रीबूटच्या आधी 'माउंट -ए' चालवून ओळ तपासायची सवय त्या एका धक्क्यातून लागते आणि मग ती सुटत नाही.

इंदूरच्या कामाचं एक वैशिष्ट्य आहे. इथला प्रशासक ज्या यंत्रावर काम करतो ते क्वचितच इंदूरमध्ये असतं. ते मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असतं, नाहीतर समुद्रापलीकडे. माणसाच्या हातात फक्त एसएसएचची एक खिडकी असते. अशा यंत्राच्या फायरवॉलमध्ये घाईने बदल करणं म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणं. म्हणून परतीचा रस्ता आधी बांधायचा, हा आमचा नियम आहे. एसएसएचच्या फाइलमध्ये बदल केला की सर्व्हिस रिलोड करण्याआधी 'एसएसएचडी -टी'ने ती तपासायची. चालू असलेली खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का ते पाहायचं. फायरवॉल बदलण्याआधी 'अ‍ॅट'ने काम लावून ठेवायचं की पाच मिनिटांनी जुने नियम आपोआप परत येतील. सगळं ठीक झालं तर ते काम रद्द करायचं. सुडोअर्सची फाइल 'व्हीसुडो'शिवाय उघडायचीच नाही. वाचायला हे किरकोळ वाटतं, पण रात्री दोन वाजता हजार मैलांवरच्या यंत्राबाहेर अडकलेल्या माणसाला ते किरकोळ वाटत नाही.

वेळेचा धडा शिकवताना मी उज्जैनची आठवण काढते. इंदूरहून तासा-दीड तासावरचं हे गाव. भारतीय ज्योतिषगणितात शून्य रेखांश उज्जैनवरून धरला जाई, आणि सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा तिथे आजही आहे. वेळ कुणाची धरायची हा प्रश्न आपल्या भागाला जुनाच आहे. सर्व्हरच्या जगात तो रोजचा आहे. जागतिक प्रमाणवेळेनुसार ३० जून २०१२ च्या दिवसाला एक लीप सेकंद जोडला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची, रविवारची पहाट होती, साडेपाच वाजत होते. कर्नलच्या टायमरमधल्या एका दोषामुळे जगभर अनेक लिनक्स सर्व्हरांवर जावा आणि मायएसक्यूएलसारखे प्रोग्रॅम सीपीयू खात सुटले. रेडिटसारख्या मोठ्या साइट अडखळल्या. उपाय विलक्षण सोपा निघाला: यंत्राची तारीख होती तीच पुन्हा लावायची. पण तो कुणाला सुचला? ज्यांनी "सगळी यंत्रं एकाच क्षणी का बिघडली?" असा प्रश्न विचारला त्यांना. वेगवेगळी यंत्रं एकाच मिनिटाला आजारी पडली तर त्यांच्यात समान काय आहे ते शोधायचं, हे त्या पहाटेचं शिक्षण आहे. पुढे २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत लीप सेकंदाची सध्याची पद्धत सोडण्याचा ठराव केला. तरी घड्याळाचा विषय संपत नाही. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने सांगितलं आहे की यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. घड्याळं जुळलेली नसतील तर दोन यंत्रांचे लॉग शेजारी ठेवून घटनेचा क्रम लावताच येत नाही. घड्याळं जुळवणाऱ्या 'क्रोनी'ची मांडणी हा एरवी दहा मिनिटांत उरकायचा विषय. आम्ही त्याला अख्खी सकाळ देतो.

बॅकअपवर बोलताना मी गिटलॅबचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्या कंपनीने ते स्वतः जगासमोर मांडलं. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी रिकामी करतोय असं समजून, मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. लक्षात येऊन त्याने आज्ञा थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी फक्त साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधू लागले, तर एकेक दार बंद. नेहमीचा डेटाबेस डम्प आवृत्ती न जुळल्याने कित्येक दिवस गुपचूप फसत होता, आणि तो फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. शेवटी उपयोगी पडला तो सहा तासांपूर्वी एका वेगळ्या कामासाठी हाताने काढलेला एलव्हीएम स्नॅपशॉट. ही गोष्ट ऐकल्यावर मी मुलांना विचारते, "तुमच्या ऑफिसात बॅकअप आहे का?" सगळे हात वर येतात. "तो परत आणून कुणी पाहिलाय?" हात खाली जातात. त्या दिवसाचा गृहपाठ ठरलेला असतो: आपल्या कामाच्या ठिकाणी परवानगी घेऊन एका वेगळ्या यंत्रावर एक बॅकअप परत आणून दाखवायचा. काहींना परवानगी मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांच्यातले काही जण दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्याने येतात, आणि त्यांच्या कंपनीचं त्यातून भलं झालेलं असतं.

गिटलॅबने त्या अभियंत्याला चव्हाट्यावर आणलं नाही. व्यवस्थेत कुठे भोकं होती ते लिहिलं. मी वर्गात वहीचा आग्रह धरते तो याच विचाराने. प्रत्येक बिघाडासाठी तीन रकाने: काय दिसलं, काय वाटलं, काय केलं. सुरुवातीला मुलांचा मधला रकाना कोरा असतो. दिसलं आणि केलं, यांच्यामध्ये काही विचार झाल्याची खूणच नसते. हळूहळू तो रकाना भरू लागतो: "डीएनएस असेल असं वाटलं, पण आयपीने जोडलं तरी तेच, म्हणजे डीएनएस नाही." चुकीचा ठरलेला अंदाजही लिहायचा, कारण पुढच्या पाळीवरच्या माणसाचा तेवढा वेळ वाचतो. अभ्यासक्रमाच्या शेवटी मी या वह्या वाचते आणि त्यावरूनच कोण दुसऱ्या पायरीवर नीट उभं आहे हे मला कळतं.

पाहण्याची सवय किती दूरवर नेते याचं अलीकडचं उदाहरण मार्च २०२४ चं आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते. चाचण्या करताना त्यांना एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त वेळ घेतंय आणि सीपीयू खातंय असं दिसलं. बहुतेकांनी ते सोडून दिलं असतं. त्यांनी माग काढला आणि तो एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असणाऱ्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजपर्यंत पोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा पेरला होता. मोठ्या वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो शिरण्याआधीच पकडला गेला. फ्रॉइंड यांचं ज्ञान आमच्या मुलांच्या कितीतरी पुढचं आहे. पण त्या शोधाची सुरुवात ज्या गोष्टीने झाली ती कुणालाही शिकता येते: नेहमीचं यंत्र कसं वागतं हे इतकं ओळखीचं असणं की अर्ध्या सेकंदाचा फरकही खटकावा. म्हणून माझ्या वर्गात मुलं निरोगी यंत्रही पाहतात. बिघडलेलं काहीच नसताना लोड किती असतो, मेमरी कशी वापरली जाते, रात्री कुठली कामं चालतात, हे लिहून ठेवतात.

आता इंदूरच्या कंपन्यांना काही सांगावंसं वाटतं. सेंटओएस लिनक्स ७ या वितरणाचा आधार ३० जून २०२४ ला संपला. त्याच्या आधी, डिसेंबर २०२० मध्ये, सेंटओएस ८ वर्षभरात बंद होणार असं जाहीर झालं आणि त्यातून रॉकी लिनक्स, अल्मालिनक्स ही वितरणं उभी राहिली. माझे जुने विद्यार्थी सांगतात की त्यांच्या ऑफिसांत अजूनही काही यंत्रं सेंटओएस ७ वरच आहेत, कारण हात लावायची हिंमत कुणाची होत नाही. ही भीती मला समजते. ज्या माणसाला कधीच काही मोडून पाहायला मिळालं नाही, त्याच्याकडून चालू व्यवसायाचं यंत्र नव्या प्रणालीवर हलवण्याची अपेक्षा कशी करायची? त्याला आधी सरावाचं यंत्र द्यायला हवं. तिथे त्याने तीच प्रणाली उभी करावी, हलवावी, मोडावी, परत आणावी, आणि पुन्हा सगळं करावं. चूक झाली तर "कुणी केलं?" याआधी "काय झालं?" असं विचारणारा वरिष्ठ त्याला मिळावा.

नोकरीच्या जाहिरातींत दुसऱ्या पायरीच्या प्रशासकासाठी प्रमाणपत्रं आणि अनुभवाची वर्षं मागतात. दोन्ही मागावीत. मुलाखतीत मात्र आणखी एक करावं, असं मी कंपन्यांना सुचवते: उमेदवारापुढे बिघडलेलं यंत्र ठेवावं आणि त्याने पहिली दहा मिनिटं काय केलं ते पाहावं. जो आधी वाचतो, आकडे लिहून घेतो, प्रश्न विचारतो, त्याला घ्यावं, मग त्याला एखादी आज्ञा आठवली नाही तरी चालेल. आज्ञा मॅन्युअलमध्ये सापडते. सर्व्हर आज भाड्याने मिळतात आणि त्यांवर चालणारं बरंचसं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मिळत नाही तो त्यांच्याकडे शांतपणे पाहू शकणारा माणूस. तो घडवायला एक जुनं यंत्र आणि आठवड्यातली एक दुपार पुरते. इंदूरमधल्या कुठल्याही कंपनीला एवढा खर्च परवडण्यासारखा आहे.